झाडाची साखर कशी तपासावी? गॅलरीतल्या शेतकऱ्यांसाठी पहिला पाठ

मराठी घरात साखर मोजायचं एक यंत्र बहुधा असतंच. औषधांच्या डब्यात, पट्ट्या संपलेल्या अवस्थेत. आता दुसरं आणायचं आहे, ते कुंड्यांसाठी. त्याचं नाव रिफ्रॅक्टोमीटर. नाशिककडचे द्राक्षवाले त्याला ‘ब्रिक्स मीटर’ म्हणतात आणि आपणही तेच म्हणावं, कारण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘रिफ्रॅक्टोमीटर’ टाइप करायला गेलं की फोन त्याचं भलतंच काहीतरी करून ठेवतो.

हा पाठ अगदी नवशिक्यांसाठी आहे. पात्रता अशी: गॅलरीत किमान चार कुंड्या, त्यातल्या एकीत रुसलेला टोमॅटो, एकीत पिठ्या ढेकणाने पांढरी पडलेली जास्वंद, आणि घरातल्या माणसांची सहनशक्ती. शेतीचा अनुभव नसला तरी चालेल. असला तर हे यंत्र पानावर चालवायची बुद्धी सहसा होत नाही.

खरेदी

ऑनलाइन शोधलं की एकसारखी दिसणारी पाचपन्नास यंत्रं समोर येतात. वीतभर लांब नळी, एका टोकाला डोळा लावायची काच, दुसऱ्या टोकाला तिरकं कापलेलं प्रिझम आणि त्यावर बिजागरीचं पारदर्शक झाकण. फरक असतो तो आतल्या पट्टीत, आणि तो बाहेरून कळत नाही. आपल्याला 0 ते 32 ब्रिक्सची पट्टी हवी. मध तपासायच्या यंत्रावर ती 58 ते 90 असते. त्यात टोमॅटोचा रस घातला तर रेघच दिसत नाही आणि माणूस विनाकारण टोमॅटोवर संशय घेतो. समुद्री माशांच्या टाकीचा खारेपणा मोजणारं वेगळं, गाडीच्या रेडिएटरमधलं कूलंट तपासणारं वेगळं. आणि पॅथॉलॉजीवाल्यांचं एक असतं, त्यात लघवीचं विशिष्ट गुरुत्व बघतात. ते स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. चुकून आलंच, तर ते मूळ कशासाठी आहे हे घरात सांगू नका.

यंत्राबरोबर एक ड्रॉपर, एक चिमुकला स्क्रू ड्रायव्हर, पुसायचं फडकं आणि माहितीपत्रक येतं. माहितीपत्रकातलं इंग्रजी हे स्वतंत्र मनोरंजन आहे. जपून ठेवा.

ते मोजतं काय

प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, हे शाळेत पेल्यात पेन्सिल घालून दाखवलेलं असतं. पाण्यात काही विरघळलेलं असलं की तो आणखी वाकतो. शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक 20 अंश सेल्सियसला 1.333, तर दहा टक्के साखरेच्या पाण्याचा 1.348. एवढ्याशा फरकावर सगळा डोलारा उभा आहे. जर्मनीत येना इथे एर्न्स्ट आबे यांनी हा फरक झटकन वाचता येईल असं यंत्र केलं आणि 1874 मध्ये त्याची माहिती छापली. पट्टीला नाव मात्र मिळालं अडॉल्फ ब्रिक्स या दुसऱ्याच जर्मन गृहस्थांचं, कारण साखरेच्या द्रावणांचे तक्ते त्यांनी आधीच करून ठेवले होते. 100 ग्रॅम द्रावणात 10 ग्रॅम साखर म्हणजे 10 ब्रिक्स.

आता नीट लक्ष द्या, पुढचा सगळा घोळ इथून निघतो. यंत्राला साखर ओळखता येत नाही, त्याला फक्त वाकणं कळतं. रसात क्षार, आम्ल, प्रथिनं, परवा घातलेल्या खताचा अंश, जे काही विरघळलेलं असेल ते सगळं ते साखरेच्या खात्यावर मांडून मोकळं होतं. पटत नसेल तर स्वयंपाकघरात जा. लिंबाचा रस सात-आठ ब्रिक्स दाखवतो, बाजारचा टोमॅटो चार-पाच. म्हणजे यंत्राच्या मते टोमॅटोपेक्षा लिंबू गोड. लाल कांदा किसून त्याचं पाणी टाका: दहा-बारा. कलिंगड तेवढंच दाखवतं, कधी कमीसुद्धा. कांद्यात साखर खरोखरच असते, तिखटपणा तिला बोलू देत नाही एवढंच. तरी आषाढी एकादशीला कलिंगडाऐवजी कांदा पुढे करून ‘ब्रिक्स सारखाच आहे’ असं सांगायला जाऊ नये.

शून्य लावणे

डिस्टिल्ड वॉटर घ्यावं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच. प्रिझमवर दोन थेंब, झाकण अलगद मिटायचं, मध्ये बुडबुडा राहू द्यायचा नाही, अर्धा मिनिट थांबायचं आणि उजेडाकडे नळी धरून आत बघायचं. उजेडाकडे म्हणजे आकाशाकडे. थेट सूर्याकडे नळी रोखून डोळा घालवू नका, तो ब्रिक्सपेक्षा महाग आहे. रेघ शून्यावर नसेल तर स्क्रू फिरवून आणायची.

इथे काही साधक पाण्याच्या शुद्धतेवरून घरात भांडणं करतात. त्यांनी गणित करावं. बोअरचं 1000 टीडीएसचं पाणी, जे चहात घातलं तर पाहुणे परत येत नाहीत, त्यात 100 ग्रॅमला 0.1 ग्रॅम क्षार असतात. यंत्रावरची लहानात लहान रेघ 0.2 ची. म्हणजे अर्ध्या रेघेसाठी एवढा आटापिटा. डिस्टिल्ड वापरायचं ते मुख्यतः काचेवर डाग पडू नयेत म्हणून.

तापमानाचं मात्र खरं आहे. द्रव गरम असला की आकडा खाली येतो. बहुतेक यंत्रांत तापमानाची दुरुस्ती आपोआप होते, पण 10 ते 30 अंशांपर्यंतच. नागपूर-चंद्रपूरच्या वाचकांनी मे महिन्यात गॅलरीत उभं राहून घेतलेले आकडे झाडाचे कमी आणि गॅलरीचे जास्त समजावेत.

रस काढणे

टोमॅटोचं फळ पिळणं सोपं असतं. पान पिळायला गेलं की कळतं, झाड आपली संपत्ती सहजासहजी दाखवत नाही.

पान कोणतं, हे आधी ठरवावं. शेंड्याचं कोवळं नको, तळाचं पिवळं नको. शेंड्यापासून तिसरं किंवा चौथं, पूर्ण वाढलेलं, उन्हात असणारं. दरवेळी तसंच. त्यावर पाणी किंवा दव असेल तर टिपून घ्यायचं, नाहीतर आपण रसाऐवजी सरबत मोजतो. मग लसूण दाबायचं ते हत्यार, जे कधीतरी कोणीतरी भेट दिलेलं असतं आणि फोडणीच्या घाईत कोणी वापरत नाही, ते शोधून काढावं. साबणाने दोनदा धुवावं. लसणाचा रस आपला स्वतःचा ब्रिक्स घेऊन येतो, आणि तो टोमॅटोच्या पानाला कधी जमणार नाही इतका असतो. पानं चुरगळून गोळी करायची, आत घालायची, आणि हात थरथरेपर्यंत दाबायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग भोकांशी हिरवा फेस येतो, आणि एक थेंब लोंबकळतो. तो पडायच्या आत प्रिझम त्याच्याखाली न्यायचं. हे दोन हातांचं काम नाही. तिसरा हात ज्यांचा मागवाल, त्या आधी ‘अहो, हे लसणाचं होतं ना?’ एवढंच विचारतील. टोमॅटोच्या पानांनी बोटं पिवळट-हिरवी होतात आणि तो वास दुपारच्या जेवणापर्यंत पुरतो.

प्रत्येक झाडाची तऱ्हा वेगळी. कढीपत्ता कितीही दाबा, कोरडाच. त्याला आमटीतच जाऊ द्या. जास्वंदीचं पान उलट एवढं बुळबुळीत, की थेंब पडतच नाही, तार निघते. अळूचं पान हाताने चुरगळलं की हातालाच खाज सुटते, हे वडी करणाऱ्या घरात कोणाला सांगायला नको. तुळशीच्या बाबतीत विज्ञानाची गाठ सासूबाईंशी आहे: रविवारी पान तोडायचं नाही, द्वादशीला नाही, सूर्यास्तानंतर नाही. यातून जे वार उरतील त्यांचा आलेख काढावा. कण्हेर, अडेनियम, रुई यांना हातच लावू नका. त्यांचा रस विषारी असतो, आणि ते हत्यार उद्या पुन्हा लसणाकडे जाणार आहे.

आता नळीत बघा. वर निळा भाग, खाली पांढरा, दोन्हींच्या मध्ये रेघ. ती ज्या आकड्यावर, तो तुमचा ब्रिक्स. सगळंच निळं दिसलं तर रस काचेवर पोहोचलाच नाही. सगळंच पांढरं दिसलं तर आकडा पट्टीच्या बाहेर गेला. हे पाकाच्या बाबतीत होतं, पानाच्या बाबतीत झालं तर यंत्र बदला. बहुतेकदा मात्र दिसते ती रेघ नसून धूसर पट्टा असतो. या पट्ट्यात कॅल्शियम वाचणारे लोक आहेत. साधं कारण असं की पिळलेल्या रसात पानाचा चोथा आणि हिरवा गाळ तरंगत असतो. पातळ फडक्यातून गाळा, थोडा वेळ निवळू द्या, रेघ बरीचशी ताळ्यावर येते.

काम झालं की प्रिझम ओल्या मऊ कापडाने लगेच पुसायचं. रस वाळला तर पुढच्या वेळी आज आणि मागचा शनिवार यांची बेरीज दिसेल.

एक धोक्याची सूचना इथेच. गॅलरीतल्या कुंडीतल्या टोमॅटोला चांगली पानं असतात ती मोजकी. एका तपासणीला दोन-तीन जातात. रोज तपासलं तर महिन्याभरात झाडाची प्रकृती कशी आहे हा प्रश्न कायमचा मिटतो.

उपाशीपोटी आणि जेवणानंतर

साखर कधी तपासायची, हे या घरात कोणालाही शिकवावं लागत नाही. झाडाचंही तसंच. दिवसभर उन्हात पान साखर तयार करतं, रात्री ती मुळांकडे, फळांकडे, वाढीकडे पाठवतं आणि थोडी स्वतः खातं. म्हणून पहाटे आकडा कमी, दुपारी चढलेला. सलग चार दिवस ढग राहिले की उतरलेला. सकाळी सातला चार आणि दुपारी तीनला सात आलं, तर दिवसभरात तुमच्या हातून काही पुण्य घडलेलं नाही. ऊन पडलं होतं.

याहून लबाड भाग पाण्याचा. कुंडी कोरडी पडली की पानातलं पाणी कमी होतं, उरलेला रस दाट होतो, आकडा वर जातो. म्हणजे मान टाकलेल्या झाडाचा ब्रिक्स टवटवीत झाडापेक्षा चांगला येऊ शकतो. सोसायटीत कोणावर छाप पाडायची असेल त्यांनी आदल्या दोन दिवसांत पाणी घालू नये आणि मोजणी दुपारी ठेवावी. खताचा डोस वाढवूनही आकड्याला थोडी उसळी मिळते, कारण विरघळलेले क्षारही साखरेतच जमा. मग मुळं जळली तरी वहीत ‘उत्तम’ लिहिता येतं.

म्हणून मोजायचंच असेल तर एकच झाड, एकच वेळ, पाणी घातल्यावर तेवढ्याच तासांनी, तशाच उन्हात. आणि तुलना त्याच झाडाच्या मागच्या आकड्याशी. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मिरचीशी तुमच्या टोमॅटोची तुलना करू नये. काकूंशी तर नाहीच नाही.

तक्ता

यंत्र घेतलं की पाठोपाठ एक तक्ता येतो. चार रकाने: निकृष्ट, साधारण, चांगलं, उत्कृष्ट. टोमॅटो 4, 6, 8, 12. द्राक्ष 8, 12, 16, 20. हा तक्ता फ्लोरिडातल्या कॅरी रीम्स या शेती-सल्लागारांच्या नावावर आहे. तो फळाच्या किंवा खायच्या भागाच्या रसाचा आहे, हे तळटीपेत असतं आणि तळटीप कोणी वाचत नाही. त्यामुळे टोमॅटोच्या पानाचा आकडा टोमॅटोच्या फळाच्या ओळीत शोधला जातो आणि बिचारं झाड जन्मभर ‘साधारण’ राहतं. याच रीम्सनी माणसांच्या लघवीवर आणि थुंकीवरही असल्या मोजण्या करून प्रकृतीचं निदान सांगितलं होतं. तेव्हा ते पॅथॉलॉजीचं यंत्र आलं असेल तर अगदीच वाया गेलं असं समजू नका.

तक्त्यासोबत एक ब्रीदवाक्यही मिळतं: पानाचा ब्रिक्स 12 च्या वर गेला की कीड फिरकत नाही. कारण काय, तर किड्यांना स्वादुपिंड नसतं, त्यांना साखर पचत नाही, ते पोट बिघडून मरतात. हे वाक्य मुंग्यांनी पोखरलेला साखरेचा डबा ज्याने एकदा तरी पाहिला आहे अशा माणसाने गंभीर चेहऱ्याने कसं ऐकून घ्यावं?

जास्वंदीजवळ जा आणि बघा. पिठ्या ढेकूण काय किंवा मावा काय, सोंड खुपसतात ती थेट अन्नवाहिनीत. आपण पान चिरडून सगळ्या पेशींचा मिळून जो रस काढतो त्याहून तिथली साखर कितीतरी जास्त असते, दहा टक्क्यांपासून वर. त्यांना खरी गरज असते रसातल्या अमिनो आम्लांची, आणि ती असतात थोडी. म्हणून ते भरमसाट रस पितात आणि जास्तीची साखर मागून सोडून देतात. शेतकरी तिला चिकटा म्हणतात. खालच्या पानांवर तो चकाकतो, बोट लावलं तर चिकटतं, त्यावर काळी बुरशी धरते, आणि त्याच्यासाठी मुंग्यांची रांग कुंडीपासून कठड्यापर्यंत लागते. साखर पचत नाही म्हणे. तिकडे साखरेचा धंदा चाललाय.

सशक्त झाड कीड जास्त सोसतं, हे खरं. पण ‘बाराच्या वर अभय’ असा करार कोणत्याही किड्याने केलेला नाही. पिठ्या ढेकूण दिसला की जुना टूथब्रश, साबणाचं सौम्य पाणी, पानांच्या बेचक्यात निंबोळी तेलाचा फवारा, तोही ऊन उतरल्यावर. जास्वंदीचा ब्रिक्स किती आहे ते नंतर विचारा.

ज्यांचं पोट यावर आहे

महाराष्ट्रात हे यंत्र नवं नाही. ऊस तोडणीला आला का, हे बघायला कारखान्याचे लोक ते घेऊन फडात जातात. उसाला भोक पाडून खालच्या कांड्यांचा रस आणि शेंड्याकडच्या कांड्यांचा रस वेगवेगळा बघायचा. कोवळ्या उसात बुडखा गोड आणि शेंडा पाणचट. दोन्ही आकडे जवळ आले, वीसच्या वर गेले, की ऊस तयार.

द्राक्षात तर हे यंत्र म्हणजे सौद्यातला पंच. निफाड-दिंडोरीला नाहीतर तासगावला हंगामात बागेत उभे राहा. घड खांद्याकडून भरत येतो, शेंड्याचे मणी मागे राहतात. बागायतदार सहज म्हणून खांद्याचा मणी तोडून व्यापाऱ्याच्या हातात ठेवतो. व्यापारी तो तोंडात टाकतो, ‘वा’ म्हणतो, आणि मोजायला शेंड्याचा मणी तोडतो. एका घडात दोन-तीन ब्रिक्सचा फरक सहज निघू शकतो आणि भाव त्या फरकावर फिरतो.

एवढं यंत्र खिशात असलेला हा बागायतदार वेलीची प्रकृती बघायला मात्र ते वापरत नाही. त्यासाठी तो पानाचे देठ तोडून प्रयोगशाळेत पाठवतो. देठ परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम वेगवेगळं कळतं. काय कमी आहे आणि काय उगाच ओतलं जातंय, ते कळतं. फळाला ब्रिक्स, वेलीला देठ परीक्षण. ही वाटणी पैसे घालून शिकलेल्यांची आहे.

आकडा आला, पुढे काय

आकडा कमी आला तर खताच्या पुडीकडे धावू नये. आधी घड्याळ बघा, मग आभाळ बघा, मग कुंडी. टोमॅटोला किमान सहा तास थेट ऊन लागतं. समोरच्या इमारतीच्या कृपेने तुमच्या ग्रिलमध्ये तीन तास येतं. दोन पेरांमधलं अंतर वाढलंय, देठ बारीक झालाय, झाड उजेडाकडे मान काढून बघतंय, हे यंत्र न लावताही दिसतं. कुंडी आठ इंची असेल आणि तळाच्या भोकातून मुळं डोकावत असतील तर तेही दिसतं. मोठी कुंडी घ्या. टोमॅटो कठड्याबाहेरच्या स्टँडवर हलवा, पण तो स्टँड घट्ट आहे ना ते बघून. खाली माणसं असतात.

आकडा जास्त आला तर आधी मातीत बोट घाला. कोरडी लागली तर पाणी द्या आणि तो आकडा खोडा. ओली असूनही जास्त आला, ऊनही नेहमीसारखंच असलं, तर अभिनंदन. फोटो काढून ग्रुपवर टाका. कोणीतरी ‘आमच्याकडे पंधरा येतो’ असं लिहील. त्याची कुंडी वाळलेली आहे.

आणि आकडा दर आठवड्याला तेवढाच येत असेल, झाड हिरवंगार, फुलं येताहेत, तर पानं ओरबाडणं थांबवा आणि यंत्र फळासाठी राखून ठेवा. तिथे ते चोख काम करतं. पहिला टोमॅटो पिकल्यावर त्याचा एक थेंब आणि मंडईतल्या टोमॅटोचा एक थेंब एकामागून एक बघा. झाडावर पूर्ण लाल होऊ दिलेला बहुधा वरचढ निघतो, चेरी टोमॅटो तर हमखास. काकूंनाही नळीतून बघू द्या.

मग काकू यंत्र उसनं मागतील. एप्रिल-मेमध्ये मागतील, कारण तेव्हा हापूसच्या पेट्या येतात. द्यायला हरकत नाही, पण एवढं सांगून द्या: गाडीवाल्याला ब्रिक्स दाखवून भाव पाडायचा असेल तर आंबा कापावा लागतो, आणि कापलेला आंबा आपला.